जीव कुठल्या पोपटात?

२०२० च्या एप्रिल-मेमध्ये आमच्या इमारतीत सकाळी एक नवाच आवाज ऐकू येई, दुधाच्या पिशव्या नळाखाली साबणानं घासून धुण्याचा. कुणी त्या दोन बोटांच्या चिमटीत धरून नेई, कुणी तासभर उन्हात ठेवी, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यातूनच विचारत, "अहो, हा करोना पिशवीवर किती वेळ जिवंत राहतो हो?" उत्तरं देणारे पुष्कळ होते. कुणी तास सांगे, कुणी दिवस. 'जिवंत' या शब्दाशी मात्र कुणीच अडखळलं नाही. मीही नाही.

धुतलेल्या त्याच पिशवीतलं दूध तापवून, कोमट करून काकू रात्री त्यात चमचाभर विरजण घालत. सकाळी सुरीनं कापावं असं दही. म्हणजे पिशवीच्या बाहेर डोळ्यांना न दिसणारं एक काहीतरी, आणि आतल्या दुधात दुसरं काहीतरी. बाहेरच्याला आपण विषाणू म्हणतो, आतल्याला जिवाणू. मराठीनं निकाल नावातच लावून टाकलाय. एकाच्या वाट्याला जीव आला, दुसऱ्याच्या विष. (हा काही मराठीचा खास शहाणपणा नव्हे. 'व्हायरस' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही विषच.) विरजणातल्या जिवाणूंबद्दल कुणाचं दुमत नाही. ते दुधातली साखर खातात, आम्ल बाहेर टाकतात, वाढतात, एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात. भांडण आहे ते दुसऱ्याबद्दल, आणि ते शंभराहून अधिक वर्षं चालू आहे.

त्याची सुरुवात तंबाखूच्या पानावर झाली. हॉलंडमध्ये वाखेनिंगनला ॲडॉल्फ मायर यांनी १८८६ मध्ये दाखवलं, की ज्या पानांवर फिक्या-गडद हिरव्या रंगाची नक्षी उमटते, त्यांचा रस निरोगी रोपाला टोचला की तेही तसंच होतं. १८९२ मध्ये रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तो रस चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. या गाळणीची छिद्रं इतकी बारीक, की जिवाणू वरच अडकतात. खाली आलेला स्वच्छ रस तरीही रोग देत होता. गाळणीलाच कुठे तडा गेला असेल, अशी शंका घेऊन त्यांनी ती बाब सोडली. १८९८ मध्ये डेल्फ्टच्या मार्टिनस बायरिंक यांनी तोच प्रयोग केला आणि त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. गाळलेल्या रसानं एक रोप आजारी पाडा, त्याचा रस काढून दुसरं, त्याचा काढून तिसरं. साधं विष असतं, तर ते दर खेपेला पातळ होत गेलं असतं. हे तर प्रत्येक रोपात नव्यानं भरून येत होतं. आणि तेही फक्त वाढत्या, कोवळ्या पेशींत. काचेच्या नळीत एकटं ठेवलं तर काही नाही. बायरिंक यांनी त्याला 'जिवंत, संसर्गजन्य द्रव' असं नाव दिलं. द्रव हे चुकलं. 'जिवंत'चं अजून ठरायचंय.

जाता जाता, हा तंबाखूचा विषाणू भलताच चिवट. वाळवलेल्या, कुटलेल्या तंबाखूतही तो वर्षानुवर्षं टिकतो. म्हणूनच तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटो-मिरचीच्या रोपांना शिवू नये, आधी साबणानं हात धुवावेत, असं रोपवाटिकेत काम करणाऱ्यांना बजावलं जातं. तंबाखूची डबी उघडताना आपण रोग घेऊन फिरतोय, हे कुणाच्या गावीही नसतं.

मग १९३५ साल उजाडलं, आणि वेंडेल स्टॅन्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं सगळ्यांची पंचाईत केली. प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत त्यानं रोगट तंबाखूच्या पानांचे ढीग वाटले, गाळले, क्षार घालून साका खाली बसवला, पुन्हा विरघळवला, पुन्हा बसवला. अखेर हाती आले सुईसारखे इवले स्फटिक. खडीसाखरेच्या दोऱ्यावर चढतात तसे नेटके, ओळीनं रचलेल्या रेणूंचे. साखरेचे स्फटिक होतात, मिठाचे होतात, तुरटीचे होतात. उंदराचे होत नाहीत. हे स्फटिक बाटलीत भरून फळीवर ठेवता येत होते. ते काही खात नव्हते, श्वास घेत नव्हते. आणि चिमूटभर पाण्यात विरघळवून पानावर चोळले, की काही दिवसांत रोप नक्षीनं भरून जाई. स्टॅन्लीला १९४६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, ते रसायनशास्त्राचं.

स्टॅन्लीची समजूत होती की हे शुद्ध प्रथिन आहे. इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी लवकरच दाखवलं, की त्यात पाच-सहा टक्के आणखी काहीतरी आहे, आरएनए. ती भेसळच घराची मालक निघाली. आज आपल्याला त्या कणाची अंतर्बाह्य ओळख आहे. ३०० नॅनोमीटर लांबीची काठी. मध्ये सुमारे ६,४०० अक्षरांची आरएनएची दोरी, आणि तिच्याभोवती मक्याच्या कणसावर दाणे बसावेत तसे एकाच साच्याचे २,१३० प्रथिनांचे तुकडे. १९५५ मध्ये बर्कलीत फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी कणसाचे दाणे आणि दोरी वेगवेगळी केली, नळीत पुन्हा एकत्र मिसळली, आणि दाणे आपसूक दोरीवर चढून बसले. तयार झालेला विषाणू रोग देत होता. मोडला आणि पुन्हा जोडला, एकाही जिवंत पेशीचा हात न लागता. बेडकाच्या बाबतीत हे करून पाहा.

पोलिओच्या विषाणूनं तर याच्याही पुढची मजल गाठली. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठाचे एकार्ड विमर यांच्या गटानं १९९१ मध्ये चक्क त्याचं रासायनिक सूत्र मांडलं, पाण्याचं एच-टू-ओ लिहितात तसं. कार्बनचे ३,३२,६५२ अणू, हायड्रोजनचे ४,९२,३८८, नायट्रोजनचे ९८,२४५, ऑक्सिजनचे १,३१,१९६, फॉस्फरसचे ७,५०१ आणि गंधकाचे २,३४०. फॉस्फरसचा आकडा मला विशेष आवडतो. आरएनएच्या प्रत्येक अक्षरामागे फॉस्फरसचा एक अणू असतो, आणि या विषाणूची अक्षरंही साडेसात हजारांच्या आसपास. हिशेब जुळतो. काकूंच्या विरजणातल्या जिवाणूचं असं सूत्र कुणी लिहू धजणार नाही. तो फार मोठा आहे म्हणून नव्हे. लिहून होईपर्यंत त्यानं थोडी साखर आत घेतलेली असेल, थोडं आम्ल बाहेर टाकलेलं असेल, चार रेणू मोडून पाच नवे बांधलेले असतील. पोलिओचा कण आज जो आहे तोच उद्या असतो. त्याला सूत्र आहे, आणि विरजणातल्या जिवाणूला दिनक्रम.

२००२ मध्ये विमर यांच्याच गटानं या सूत्राची जणू परीक्षा घेतली. पोलिओच्या आरएनएचा छापील मजकूर पुढ्यात ठेवून त्यांनी डीएनएचे छोटे तुकडे बाहेरून बनवून मागवले, जोडले, त्यांवरून आरएनए तयार केला आणि तो माणसाच्या पेशी फोडून काढलेल्या अर्कात सोडला. अर्कात पोलिओचे विषाणू तयार झाले. उंदरांना टोचल्यावर त्यांचे पाय लुळे पडले. कागदावरच्या अक्षरांतून रोग उभा राहिला म्हणून तेव्हा बराच गहजब झाला. पण या पाककृतीतला एक जिन्नस नजरेतून निसटायला नको. पेशींचा अर्क. चूल, भांडी, सरपण आणि शिधा, सगळं त्या अर्कातून आलं होतं. विमर यांनी बाहेरून आणली ती फक्त कृतीची चिठ्ठी.

विषाणूला निर्जीव म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच. त्याला स्वतःची चूल नाही. प्रथिनं रांधणारी रायबोसोम ही यंत्रणा त्याच्याकडे नाही, ऊर्जा मिळवायची सोय नाही. तो वाढतही नाही. त्याचे सुटे भाग तयार होतात आणि एकमेकांत बसतात. २००९ मध्ये डेव्हिड मोरेरा आणि पुरिफिकासिओन लोपेझ-गार्सिया यांनी जीवसृष्टीच्या वंशवृक्षातून विषाणूंना बाहेर ठेवण्याची दहा कारणं एका लेखात मांडली. सार असं, की जगते ती पेशी, बदलते तीही पेशी. विषाणू म्हणजे आयत्या बिळावर नागोबा.

युक्तिवाद जोरकस आहे, पण परावलंबनाच्या मुद्द्यावर तो मला पटत नाही. कुंपणावरच्या अमरवेलीला पानं नाहीत, जमिनीत मूळ नाही. दुसऱ्या झाडाच्या अंगात नळ्या खुपसून ती जगते. तिला कुणी निर्जीव म्हणत नाही. रिकेट्सिया, क्लॅमिडिया हे जिवाणू दुसऱ्याच्या पेशीबाहेर वाढूच शकत नाहीत, तरी त्यांच्या नावातला 'जीव' कुणी काढून घेतलेला नाही. आणि आपण? क जीवनसत्त्व आपल्या शरीराला बनवता येत नाही. आवळा, लिंबू, पेरू यांच्या जिवावर चाललंय. शाळेत पाठ केलेली सजीवांची लक्षणं तर कुठेच धड बसत नाहीत. खेचराला पिल्लं होत नाहीत म्हणून ते निर्जीव ठरत नाही, आणि होळीची आग खाते, वाढते, पसरते, धूर सोडते, ठिणगीतून दुसरी आग जन्माला घालते, म्हणून तिला रेशनकार्डावर नाव मिळत नाही.

खरी मेख मला वेगळीकडेच दिसते. तिच्यासाठी जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंकडे, म्हणजे फाजांकडे, पाहावं लागेल. आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूवर टी-फोर नावाचा फाज उतरतो. आकार एखाद्या यानासारखा. वर डोकं, खाली शेपटी, बाजूला पाय. पाय टेकवून तो शेपटी खुपसतो, डोक्यातला डीएनए आत सोडतो आणि रिकामं टरफल बाहेरच राहतं. आता पहिल्या दहाएक मिनिटांत तो जिवाणू फोडून आत शोधा. एकही विषाणू सापडत नाही. शून्य. जो बाहेरून आला तोही नाही. शास्त्रज्ञ या अवधीला ग्रहणकाळ म्हणतात. पंचवीस-तीस मिनिटांनी जिवाणू फुटतो आणि आतून शंभर-दोनशे नवे फाज बाहेर पडतात.

मग त्या दहा मिनिटांत विषाणू होता कुठे? कण तर एकही नव्हता. पण जिवाणू आता जिवाणू उरलेला नव्हता. त्याचा स्वतःचा डीएनए मोडीत निघाला होता, त्याची सगळी यंत्रं दुसऱ्याच्या हुकमावर चालत होती. खाणं चालू, ऊर्जा चालू, बांधकाम चालू, फक्त घराचा धनी बदललेला. फ्रान्सचे पॅट्रिक फोर्तेर म्हणतात की ही ग्रासलेली पेशी हाच विषाणूचा जिवंत देह; बाहेर हवेत, पाण्यात, दुधाच्या पिशवीवर दिसतो तो कण म्हणजे नुसतं बी. वर्तमानपत्रांनी दोन वर्षं ज्या काटेरी चेंडूचं चित्र छापलं, ते बियाण्याचं चित्र होतं, झाडाचं नव्हे.

आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाला कुठेही मारा, तो मरत नसे. त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातल्या पोपटात असे. विषाणूचा जीवही त्याच्या अंगात शोधणाऱ्याला सापडत नाही. तो पोपटात असतो, आणि पोपट म्हणजे आपली पेशी. फरक इतकाच, की गोष्टीतला पोपट मारला की राक्षस मरतो. इथे पोपट मरतो तेव्हा शंभर राक्षस उडून जातात.

'पिशवीवर किती वेळ जिवंत' हे तेव्हा ज्या प्रयोगांवरून सांगितलं जात होतं, ते कसे करतात ते पुढे वाचलं, तेव्हा मला हे नीट उमगलं. प्लास्टिकच्या तुकड्यावर विषाणूचा थेंब ठेवायचा, ठरावीक तासांनी तो टिपून घ्यायचा आणि आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींवर सोडायचा. व्हेरो म्हणतात या पेशींना. १९६२ मध्ये जपानमध्ये त्यांचा वंश सुरू झाला आणि तो अजून बाटल्यांतून वाढतोय. गुलाबी द्रवाखाली तळाशी फरशीसारख्या बिलगून बसलेल्या त्या पेशी आकसल्या, गोल झाल्या, सुटून तरंगू लागल्या, तर विषाणू 'जिवंत'. तशाच शांत राहिल्या, तर 'मेला'. प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत हा जो आकडा तेव्हा सगळीकडे फिरला, तो या मार्गानं आलेला. पिशवीवर त्या तीन दिवसांत जगणं असं काहीच घडत नव्हतं. हळूहळू एक बी खराब होत होतं, आणि ते रुजतं की नाही हे माकडाच्या पेशींना विचारलं जात होतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं २०२० मध्ये रुग्णांच्या नमुन्यांतून करोनाचा विषाणू वेगळा काढला, तोही या व्हेरो पेशींतच वाढवून. आणि साबण? साबण त्याचं मेदाचं आवरण विरघळवतो. 'मारतो' म्हणण्यापेक्षा 'मोडतो' म्हणणं जास्त खरं.

डॉक्टर मात्र 'जिवंत लस' आणि 'मृत लस' असंच बोलतात. पोलिओच्या थेंबांत दुबळा केलेला जिवंत विषाणू, कोव्हॅक्सिनमध्ये रसायनानं निकामी केलेला. कामाच्या माणसांना शब्द असेच लागतात, आणि त्यांचं काही अडत नाही.

इथवर सगळं बऱ्यापैकी नीट मांडता येतं. पण विषाणूंनी सरळ उत्तरांची सवय कधीच लागू दिलेली नाही. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाची साथ आली. तिचा माग काढताना शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातल्या अमिबांत काहीतरी सापडलं. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसणारं, रंगद्रव्य घेणारं. अर्थात जिवाणूच, असं धरून तो नमुना बाजूला पडला. अकरा वर्षांनी, २००३ मध्ये, फ्रान्सच्या मार्सेमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की हा विषाणू आहे. नाव ठेवलं मिमिव्हायरस, जिवाणूची नक्कल करणारा. त्याच्या डीएनएत सुमारे १२ लाख अक्षरं आणि ९०० हून अधिक जनुकं निघाली. कित्येक जिवाणूंकडेही इतकी नसतात. प्रथिनं रांधायच्या कामाला लागणारी काही हत्यारंसुद्धा त्याच्या पेटीत होती. चूल तेवढी नव्हती.

असले राक्षसी विषाणू नंतर जगभर सापडले, आणि त्यांत मुंबई मागे नाही. आयआयटी मुंबईच्या प्रयोगशाळेनं शहरातल्या सांडपाण्यातून 'मिमिव्हायरस बॉम्बे' वेगळा केला, पवई तलावातून एक मेगाव्हायरस काढला, आणि एका विषाणूचं नाव 'कुर्लाव्हायरस' ठेवलं. लोकल गाडीत कधी दाराशी जागा न मिळालेल्या कुर्लेकरांनी हे नाव अभिमानानं सांगावं.

या मंडळींतली सगळ्यात विलक्षण बातमी २००८ ची. मिमिव्हायरसचा एक भाऊबंद अमिबात शिरून आपला कारखाना थाटतो, तेव्हा त्या कारखान्यावर पोट भरणारा एक लहानसा विषाणू सापडला. त्याचं नाव स्पुटनिक. तो आला की मोठ्या विषाणूची पैदास घटते, कण वेडेवाकडे निपजतात. विषाणूला विषाणूची बाधा! जे आजारी पडू शकतं, त्याला निर्जीव कसं म्हणायचं, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. मला तो प्रश्न आवडतो, पण त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. इथंही आजारी पडतो तो कारखाना, आणि कारखाना पेशीतच आहे. पुन्हा पोपट.

आणि पोपट दर वेळी मरतोच असं नाही. काही विषाणू आपला मजकूर पेशीच्या डीएनएत टाचून देतात आणि गप्प बसतात. अशा जुन्या विषाणूंचे अवशेष माणसाच्या जनुकसंचाचा जवळजवळ ८ टक्के भाग व्यापून आहेत. त्यांतला एक आपल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडलाय. आईच्या पोटात वार तयार होते तेव्हा तिच्या बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींत विरघळून सलग पडदा बनतो. आईच्या रक्तातलं अन्न या पडद्यातून बाळाकडे जातं. पेशींना असं एकमेकींत मिसळवणारं सिन्सिटिन हे प्रथिन मूळचं एका विषाणूच्या आवरणाचं आहे, असं २००० मध्ये दाखवलं गेलं. पेशीत घुसायची जी किल्ली विषाणूनं बनवली, ती कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या हाती राहून गेली. वार पडली की सुईण ती पुरून टाकायची. त्यात किती जुनी चोरी पुरली जातेय, हे तिला कुठून ठाऊक असणार?

तो विषाणू आज जिवंत आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ आंद्रे ल्वॉफ यांनी म्हटलं होतं, की विषाणूला सजीव मानायचं की नाही हा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. माझी आवड विचाराल, तर 'जिवंत' हे विशेषण कणाला लावायचं नाही, घटनेला लावायचं. तंबाखूच्या डबीतला विषाणू आणि पानातला विषाणू यांना एकच उत्तर द्यायचा आपला हट्ट मला उगाचच वाटतो. मराठीत आपण म्हणतोच, रोपानं जीव धरला. धरला, म्हणजे त्याआधी धरलेला नव्हता.

परवा काकूंचं दही लागलं नाही. मोठ्या डेअऱ्यांत असं होतं तेव्हा पहिला संशय फाजांवर जातो. एका रात्रीत ते विरजणातल्या जिवाणूंचा फडशा पाडतात आणि हजारो लिटर दूध तसंच पातळ राहतं. म्हणून तिथे विरजणाचे वाण आलटून पालटून वापरतात. काकूंच्या बाबतीत बहुधा थंडीच आडवी आली असावी. त्या वाटी घेऊन आमच्याकडे आल्या. मी फ्रीजमधल्या भांड्यातून चमचाभर विरजण काढून दिलं. त्यातल्या कितीतरी जिवाणूंच्या डीएनएत एखादा फाज टाचलेला, निजलेला असेल. दूध कोमट झालं की जिवाणू एकाचे दोन होतील, आणि तोही.

"झाकून नेते," काकू म्हणाल्या, "उगाच काही पडायला नको."